दामूच्या बोटांना काहीही झालं नव्हतं

दामू,

रविवारी सकाळी डोंबिवलीत शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. कर्णिकांनी तुझा फोटो कुठून मिळवला कोण जाणे. टाय बांधलेला, केस चापून बसवलेले. तू पाहिला असतास तर म्हणाला असतास, "हा कोण रे वधूपिता?"

आपल्या संगीत मंडळाचे चिटणीस म्हणून कर्णिकच आधी बोलले, आणि चांगलं बोलले. कोळीवाड्यातल्या घरातून येऊन तू जॅझ गिटार कशी आपलीशी केलीस, हे त्यांनी मनापासून सांगितलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "ऐन भरात दामूभाऊंच्या बोटांना नसांचा आजार जडला. सुरेल वाजवणं अशक्य झालं. पण त्यांनी गिटार खाली ठेवली नाही. वेडंवाकडं का होईना, शेवटपर्यंत वाजवत राहिले." हॉल हळहळला. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग मला बोलावलं. तुझ्याबरोबर सगळ्यात जास्त वाजवलेला माणूस मीच. मी माइकपाशी गेलो. एका कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना शिंक आली आणि तू तीच शिंक गिटारवर काढून दाखवलीस, ती गोष्ट सांगितली. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी जागेवर येऊन बसलो.

गोष्ट खरीच होती. पण त्या माइकवर मला दुसरं सांगायचं होतं. तुझ्या बोटांना कधीही, काहीही झालं नव्हतं. तो आजार माझ्या तोंडातून निघाला होता.

शेवटी कर्णिकांनी जाहीर केलं की मंडळ तुझी एक कॅसेट काढणार आहे. 'आजारापूर्वीचे दामूभाऊ'. निवड सुधीररावांनी करावी, कारण जुनी रेकॉर्डिंग त्यांच्याकडेच आहेत. टाळ्या पडल्या. सुधीरराव म्हणजे मी. मी मान हलवून हो म्हणालो. म्हणजे तू गेल्यावरही मी तेच केलं, दामू.

आपण तिघे होतो. तू गिटारवर, मी माझ्या उंचीच्या उभ्या बासवर आणि ड्रमवर विल्सन. शनिवारी संध्याकाळी ठाण्यात हायवेवरच्या हॉटेलात वाजवायचं आणि रविवारी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, विल्सनच्या मेव्हण्याच्या पत्र्याच्या कारखान्यात प्रॅक्टिस करायची. रविवारी मशीन बंद असायची. तेलाचा वास, खाली लोखंडाचा चुरा, आणि त्यात तू स्टुलावर बसून अशी काही नाजूक कॉर्ड लावायचास की विल्सन काठ्या थांबवून म्हणायचा, "दाम्या, हे काय होतं? परत दाखव." तुझा सोलो म्हणजे ओळखीच्या घरातून फिरवून आणल्यासारखा. प्रत्येक खोली माहीत, तरी तू दिवा लावलास की वेगळी दिसायची. मी खाली एकेक सूर ठेवत तुझ्या मागून चालायचो. आयुष्यात मी यापेक्षा जास्त सुखात कधी नव्हतो. बँकेत नाही आणि, हिला वाईट वाटेल, पण घरातही नाही.

मग तुझ्या मावसभावाने ती कॅसेट आणली. तो बोटीवर होता. कुठल्याशा बंदरावर कोणीतरी भरून दिलेली कॅसेट, वर नाव नाही, गाव नाही. तू शेडमध्ये ती लावलीस. खरखर, किंचाळ्या, तारा ओरबाडल्यासारखा आवाज. विल्सन म्हणाला, "टेप अडकली काय?"

"अडकली नाय. ऐक," तू म्हणालास. "हा माणूस आपल्यासारखंच वाजवायचा. बघ, इथं. एक कॉर्ड लावतो, कशी लोण्यासारखी बसते. आणि मग तीच मोडतो. ज्याला येत नाय त्याला अशी मोडता येत नाय."

मी म्हटलं, "येतं तर नीट वाजवायला काय होतं त्याला?"

"कंटाळला असेल."

"कशाला?"

"पुढं काय येणार ते सगळ्यांना आधीच माहीत असतं रे, सुध्या. ऐकणाऱ्याला. तुला. मलापण."

मला ते लागलं. तेव्हा कळलं नाही का लागलं. आपल्याला पुढे काय येणार ते माहीत असतं, यालाच तर मी संगीत समजत होतो.

त्यानंतरच्या एका रविवारी कारखान्यात जादा काम निघालं होतं. दोन कामगार पत्रे ओढत होते. मी म्हटलं, थांबूया, यांचं होऊ दे. तू थांबला नाहीस. पत्रा जमिनीवर घासला गेला की तू गिटारच्या तारांवर खालून वर तसाच ओरखडा काढायचास. पत्रा आपटला की तू आपटायचास. कामगार बघत उभे राहिले. तू म्हणालास, "दादा, परत ओढा ना जरा."

"साहेब, पत्रा तिकडं नेऊन झाला."

"मग परत इकडं आणा."

आणि त्यांनी आणला! विल्सन हसून हसून ड्रमवर वाकला आणि वाजवायला लागला. मग मीही. मी बासच्या लाकडावर तळहात मारले, तारा टेकतात त्या घोडीच्या पलीकडे त्या ओढल्या, कुठला सूर आहे हे न बघता बोटं फिरवली. ते किती वेळ चाललं आठवत नाही. थांबलो तेव्हा शर्ट भिजला होता आणि तू माझ्याकडे बघून म्हणालास, "आलास की रे."

दामू, तो आनंद मी नाकारत नाही. पण पुढच्या रविवारी मला लाज वाटली. एखाद्या लग्नात भलताच नाचल्यावर दुसऱ्या दिवशी वाटते तशी. तू विचारलंस, "परत?" मी म्हटलं, "आधी शनिवारची गाणी बसवू." त्यानंतर तू अनेकदा विचारलंस आणि मी दर वेळी शनिवारची गाणी पुढे केली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. हॉटेलात कोणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. एका हळुवार गाण्याच्या मधोमध तू कोटाच्या खिशातून जाळं विणायची लाकडी सुई काढलीस आणि तारांखाली सरकवलीस. गिटार अ‍ॅम्पच्या स्पीकरसमोर धरलीस. अशी शिट्टी उठली की केक कापणाऱ्या बाईंनी सुरी खाली ठेवली. तू डोळे मिटून त्या शिट्टीला वळवत होतास, खाली आणत होतास, मध्येच ती सुई छेडत होतास. आज माझ्या कानात ते येतं तेव्हा कळतं की तू त्याच गाण्याचे सूर शोधत होतास, फक्त वेगळ्या वाटेने. तेव्हा मला फक्त मॅनेजर दिसत होता.

त्याने मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. "ये क्या चल रहा है? पार्टी का सत्यानाश किया उसने. अगले हफ्ते से मत आना, तीनों."

मी म्हणालो, "साहेब, उसकी उंगलियों में तकलीफ है. नस दबी है. इलाज चालू है, किसी को बताया नहीं उसने."

कुठून आलं ते मला ठाऊक नाही. आधी ठरवलेलं नव्हतं. पण मॅनेजरचा चेहरा क्षणात बदलला. "अरे! मेरे चाचा को भी यही था," तो म्हणाला आणि तुझ्यासाठी गरम सूप पाठवलं. तू मला विचारलंस, "आज काय पावला हा?" मी म्हटलं, "आवडलं असेल." तू इतका खूश झालास! टेम्पोत बास चढवताना तू शीळ घालत होतास.

आपलं काम वाचलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. विल्सनला सांगितलं, कारण मॅनेजरने विचारलं तर त्याने भलतंच बोलू नये. विल्सनने बायकोला सांगितलं. पुढचं मला सांगायची गरज नाही. डोंबिवलीत बातमी आली तेव्हा तिला डॉक्टर, एक्स-रे आणि मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलचं नावसुद्धा चिकटलं होतं. कोणी तुला निर्गुडीचं तेल आणून दिलं. कोणी टिटवाळ्याच्या वैद्याचा पत्ता दिला. तू पहिले काही दिवस हसत होतास. "निर्गुडीत बोंबील तळून बघू," म्हणालास. मग एक दिवस आपण शेडमध्ये दोघेच होतो. तू अ‍ॅम्पची वायर गुंडाळत विचारलंस, "हे कोणी उठवलं रे, सुध्या?"

मी म्हटलं, "लोक काय, बोलतात."

तू माझ्याकडे नुसता बघत राहिलास आणि मग वायर गुंडाळायला लागलास. तुला कळलं होतं का? कळलं असेल तर तू मला दार उघडून दिलं होतंस, आणि मी बाहेरच उभा राहिलो.

मंडळाच्या त्या सकाळच्या कार्यक्रमाबद्दल लिहायचं टाळत होतो. कर्णिकांनी तुझी ओळख 'आजारावर मात करणारे' अशी करून दिली. तुझी मान ताठ झालेली मी बघितली. तू आमच्याकडे वळून गाण्याचं नाव सांगितलंस आणि विल्सनला लय दिलीस, नेहमीच्या दुप्पट. इतकं जलद आणि इतकं स्वच्छ तू कधी वाजवलं नव्हतंस. एक सूर इकडचा तिकडे नाही. माझी बोटं मागे पडत होती, आणि लोक तुझ्या बोटांकडे बघत होते. तू त्यांना दाखवत होतास, बघा, सगळं येतं. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "काय सहन करत असतील हो!" दुसरं म्हणालं, "तेल लागू पडलेलं दिसतंय."

मग तू तुझं सुरू केलंस. आम्हाला थांबायची खूण केलीस आणि एकट्याने. मी घाबरलो होतो की लोक उठून जातील, हुर्यो उडवतील. तू त्याची तयारी करून आला होतास, मला माहीत आहे. आदल्या दिवशी म्हणाला होतास, "शिव्या घातल्या तरी चालेल. निदान ऐकून घालतील."

कोणी उठलं नाही. सगळे मान खाली घालून बसले, देवळात बसावं तसे. अजिबात न ऐकता. थोड्या वेळाने कर्णिक पाण्याचा ग्लास घेऊन स्टेजवर आले, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमधून ऐकू येईल इतक्या प्रेमाने म्हणाले, "दामूभाऊ, पुरे आता. त्रास होतोय तुम्हाला." आणि तुझ्या हातातून गिटार काढून घेतली. तू दिलीस. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी तुझ्या बाजूला, हाताच्या अंतरावर, बास धरून उभा होतो.

परतताना विल्सनने टेम्पो शीळफाट्यावरून घेतला. तू बाहेर बघत होतास. मग म्हणालास, "तू तरी बोलायचं होतंस."

"काय बोलायचं?"

"की मी बरा हाय."

मी म्हटलं, "राहू दे रे. त्यांच्या मनात तुझ्याबद्दल प्रेम आहे. या निमित्ताने हॉल मिळतो, ऐकून तरी घेतात."

"ऐकून घेतात? सुध्या, मी काहीही केलं तरी ते बोटाचं दुखणं ऐकतात. मी निवडलंय हे. दुखलं नाय मला." आणि मग हळूच, "तुला तरी पटतं ना, मी निवडलंय?"

मी म्हणालो, "तू इतकं सुरेल वाजवतोस, मग..." आणि थांबलो. विल्सनने गिअर बदलला. आपलं ते भांडण तिथेच राहिलं.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ती थाप मी तुझ्यासाठी मारली. हॉटेलच्या दारात ते खरं होतं. पण नंतर ती पुसायची संधी रोज होती आणि मी पुसली नाही. कारण ती मलाही सोयीची होती. तू आजारी असशील तर एक दिवस बरा होशील आणि माझ्या सुरांवर परत येशील. तू निवडलं असशील तर तू आपलं घर सोडून गेला होतास, आणि मी रिकाम्या घराचा पाया धरून उभा होतो. मला सोडून गेलास हे मान्य करण्यापेक्षा तुला आजारी समजणं मला सोपं वाटलं. इतकं साधं आणि इतकं वाईट कारण.

तुझ्या पुतणीच्या हळदीला तू मला मुद्दाम का बोलावलंस ते आता समजतं. चेंदणीच्या कोळीवाड्यात मांडव, बायका नाचतायत, बँडवाले दमून सरबत प्यायला गेलेले. तू गिटार लावलीस आणि सुई सरकवलीस. मग तुझी आई जागेवरून ओरडली, "दामू! काय रं ह्ये? भांडी पाडतंस काय?"

"आये, नवीन हाय."

"नवीन हाय तं परत दे ज्याचं त्याला!"

सगळा मांडव हसला. एक काकी कानात बोटं घालून नाचायला लागली. कोणी झेंडू फेकून मारला. तुझे मेव्हणे म्हणाले, "दामूभाऊ, नवरी पळून जाईल, बंद करा." तू वाजवत होतास आणि घामेजून हसत होतास. मग माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "बघ. इथं ह्ये ऐकून कोण मना आजारी बोलत नाय." एखादा 'नाय', 'हाय' सोडला तर माझ्याशी तू कधी घरच्या बोलीत बोलायचा नाहीस. त्या दिवशी बोललास.

त्यानंतर तू आमच्याबरोबर वाजवणं कमी करत गेलास. हॉटेल सुटलं. खाडीच्या काठाला, शेडमध्ये, घरच्या माळ्यावर तू एकटा वाजवून कॅसेटी भरायचास आणि त्यातली एकेक मला द्यायचास. "ऐक कधीतरी," इतकंच. मी घ्यायचो, कपाटात ठेवायचो. गेल्या महिन्यात भेटायला आलो तेव्हा तू धाप लागूनही विचारलंस, "एखादी ऐकलीस का?" मी म्हटलं, "ऐकतो, निवांत ऐकायच्यात." तू म्हणालास, "निवांत नको. निवांत ऐकायच्या नाहीत त्या." आणि दोघेही हसलो. तेव्हा सांगायला हवं होतं. मी चहाचं विचारलं.

शोकसभेनंतर मी त्या कॅसेटी काढल्या. सोमवार, मंगळवार, तेच केलं. ही आधी घाबरून बाहेर आली, मग तिने शेजाऱ्यांसाठी खिडक्या लावल्या. त्यातलं सगळं मला आवडलं, असं म्हणणार नाही. तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही. काही तर मला भिंतीसारख्या वाटल्या. पण एकीत तू ते हॉटेलातलं हळुवार गाणं घेतलंयस. सुरुवातीला नुसती खरखर, आणि तिच्या आतून ते गाणं एकेक सूर करून वर येतं आणि पूर्ण व्हायच्या आत तू ते सोडून देतोस. दुखऱ्या बोटांचं काम नाही ते. त्यासाठी तुझी ती पूर्वीचीच बोटं लागतात. मी जागेवर बसून खाली कुठले सूर ठेवले असते ते शोधत होतो, आणि दामू, मला पुढे काय येणार ते एकदाही कळलं नाही.

बुधवारी तुझी ज्योती मंडळाच्या कॅसेटसाठी तुझे फोटो द्यायला आली. चहा घेता घेता म्हणाली, "काका, बाबांच्या बोटांना नक्की काय झालं होतं? आमच्याशी ते कधी बोललेच नाहीत. विचारलं की हसायचे."

मी म्हटलं, "चल, तुझ्या घरी जाऊ. आईसमोर सांगतो."

कोळीवाड्यात तुझ्या ओटीवर बसून मी शकुंतलावहिनींना सगळं सांगितलं. हॉटेल, मॅनेजर, थाप. ज्योती माझ्याकडे बघेना. वहिनी मासे निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"म्हणजे मी इतकी वर्षं रोज तेल चोळलं ते?"

त्यांनी हातातला मासा टोपलीत टाकला.

"त्यांना माहीत होतं, काही झालं नाही?"

"हो, वहिनी."

"मग मला का नाही बोलले? हात पुढं करून बसायचे."

याचं उत्तर मला एकदा तू दिलं होतंस. मी तुला म्हटलं होतं, वहिनींना तरी खरं सांग. तू म्हणाला होतास, "चोळू दे. दिवसभर ती मासळीबाजारात, मी बाहेर. तेवढाच तिचा हात हातात येतो." मी ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी टोपली बाजूला सारली, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही चांगलं नाही केलंत, सुधीरभाऊ. तुम्ही पण नाही आणि त्यांनी पण नाही."

मी म्हटलं, "नाही केलं."

मी मंडळाला कळवलंय की कॅसेटवर 'आजारापूर्वीचे' हे शब्द येणार नाहीत आणि दुसरी बाजू सगळी तुझ्या नव्या वादनाची असेल. कर्णिक फोनवर म्हणाले, "सुधीरराव, आता कशाला? लोकांना धक्का बसेल." मी म्हटलं, बसू दे. ते नाही जमलं तर मंडळाने निवड दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी, पण रेकॉर्डिंग माझ्याकडची मिळणार नाहीत. हे पत्रही त्यांना मंडळाच्या अंकात छापायला देतोय, नावासकट.

त्या दिवशी ओटीवरून निघताना मी ती हळुवार गाण्याची कॅसेट ज्योतीला दिली. तिने तिथेच लावली. तुझी खरखर सुरू झाली. वहिनी कपाळाला आठ्या घालून ऐकत उभ्या राहिल्या.

"हे मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम, वहिनी."

"सगळं?"

"सगळं."

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. मी चपला घालायला लागलो. ज्योतीने आईसाठी म्हणून टेपचा आवाज कमी केला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मोठा कर गं. इथं ऐकू येत नाही."